वडिलांची वही



नाशिकला आपण पुष्कळदा आला असाल. कुणी बाजाराला आला असाल, कुणी कोर्टकचेरीला, कुणी पोराच्या कॉलेजप्रवेशासाठी. पण एकदा तरी नाशिकला असे यावे लागते की, बरोबर बोलायला कुणी नको असते. हातात लाल फडक्याने तोंड बांधलेले एक लहानसे मडके असते आणि पाय आपोआप रामकुंडाकडे वळतात. आपल्यापैकी अनेकांवर हा प्रसंग येऊन गेला असेल. माझ्यावर तो १९८९ सालच्या मार्गशीर्ष महिन्यात आला. त्या दिवशी वडिलांच्या अस्थी घेऊन मी गोदावरीच्या काठी उभा होतो.

आमच्या घरी वडिलांना ‘दादा’ म्हणत. आपल्याकडे बापाला किती नावे आहेत पहा. कुणी आबा म्हणतो, कुणी नाना, कुणी अण्णा, तात्या, बाबा. ‘बाप’ हा शब्द आपण दुसऱ्याशी बोलताना वापरतो. समोर हाक मारायला प्रत्येक घराचा निराळा शब्द असतो. माणूस गेला की घरातून सगळ्यात आधी नाहीशी होते ती ही हाक. खाट असते, काठी असते, पागोटे खुंटीला असते. ‘दादा’ म्हणून हाक मारावी तर ओ द्यायला कुणी नसते.

विधी आटोपल्यावर आमच्या क्षेत्रोपाध्यांनी गाव विचारले, आडनाव विचारले आणि एक लांबट, जाडजूड वही काढली. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांकडे अशा वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. त्यांना ‘नामावळी’ म्हणतात. गावावार, घराण्यावार त्यांची मांडणी असते. यात्रेला किंवा क्रियाकर्माला आलेल्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे, आज्याचे, भावांचे, मुलांचे नाव, गाव आणि तिथी-तारीख त्यांत लिहून घेतात आणि खाली त्याची सही घेतात. जुनी पाने मोडी लिपीत आहेत. हरिद्वार, काशी, गया, प्रयाग येथील पंडे अशाच वह्या राखतात. ज्या शेतकऱ्याचे नाव कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात येणार नाही, त्याच्या चार-पाच पिढ्या या वह्यांत सापडतात.

उपाध्यांनी पान काढले आणि बोट ठेवून वाचू लागले. तिथे माझे आजोबा होते. १९३८ साली ते आपल्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते. नावाखाली लिहिले होते, ‘निशाणी, डावे हाताचा अंगठा’. शाई फिकी पडली होती, पण अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या. त्याच्याखाली दादांची नोंद होती. तिथे अंगठा नव्हता. वाकड्यातिकड्या बाळबोध अक्षरांत सही होती, दर अक्षरावर दोनदा पेन फिरवलेले. आणि आता त्याखाली मी सही करायची होती. मी शिक्षक झालो होतो. झरझर सही केली आणि मग जाणवले की, अंगठ्यापासून या झरझर सहीपर्यंतचा रस्ता मी चाललोच नव्हतो. तो त्या दोघांनी चालून ठेवला होता.

श्रोते हो, त्या पानावर एक गोष्ट मात्र मला त्या दिवशी दिसली नाही. ती दिसायला मला सोळा वर्षे लागली. ती कोणती, हे मी पुढे सांगतो.

रामकुंडाच्या या जागेची एक कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. वनवासात पंचवटीला असताना श्रीरामाने पिता दशरथाचे श्राद्ध येथे केले, अशी लोकांची श्रद्धा आहे. वाल्मीकि-रामायणात वडील वारल्याची बातमी रामाला चित्रकूटावर भरताकडून कळते आणि तो मंदाकिनीच्या काठी पिंड देतो, असे वर्णन आहे. ते पिंड कशाचे होते? तांदळाचे नव्हते. वनवासी माणसाकडे तांदूळ कुठून येणार? इंगुदीच्या फळांचा गर आणि बोरे एकत्र करून रामाने पिंड केले. आपण जे खातो तेच पितरांना द्यायचे, असा त्यामागचा विचार. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दिवसकार्यासाठी कर्ज काढणारा शेतकरी आपल्या गावोगाव आहे. तेराव्याला गावजेवण घातले नाही तर लोक नावे ठेवतील, या भयाने तो सावकाराच्या दारी जातो. त्याला कुणीतरी सांगितले पाहिजे की बाबा रे, राजा दशरथाला बोरांचा पिंड चालला!

आणि रामाने बापाची खरी आठवण कशात राखली? पिंडदान तर झालेच. पण बापाने दिलेला शब्द त्याने चौदा वर्षे पाळला. वारसा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येते ती मिळकत. रामाला वारशात मिळाली ती एक देणेदारी.

आपल्या जिल्ह्यात बापजाद्यांची आठवण किती परींनी जागवतात पहा. भाद्रपदात पितृपक्ष येतो. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या असते. खीर, वडे, कढी, अळूची भाजी असा स्वयंपाक होतो आणि कावळ्यासाठी घास ठेवतात. बागलाण, मालेगाव, कळवण या बाजूला आणि खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि चुलीतल्या विस्तवावर घास ठेवून आगारी टाकतात. भर उन्हाळ्यात गेलेल्या माणसाला सगळ्यात आधी पाणी द्यायचे. ही कल्पना ज्याने उन्हात औत हाकले त्यालाच सुचणार. खुद्द नाशिक शहरात धुळवडीला वीर निघतात. घरातल्या पूर्वजांचे टाक देव्हाऱ्यातून काढून, वाजतगाजत, नाचवत गोदावरीवर नेतात. आमचे मुसलमान बांधव शब-ए-बरातच्या रात्री कबरस्तानात दिवा लावतात. ख्रिस्ती बांधव २ नोव्हेंबरला थडगी झाडून फुले ठेवतात. चाली निराळ्या असल्या तरी ‘आम्ही विसरलो नाही’ हे सांगण्याची गरज सगळ्यांना सारखीच आहे.

पण आठवणे म्हणजे नेमके काय करणे? बापाची आठवण तीन वह्यांत राहते, असे मला वाटते. एक उपाध्यांची वही. दुसरी तलाठ्याची वही. आणि तिसरी घरातली, जी बहुतेक वेळा कागदावर नसतेच. पहिल्या वहीविषयी आपण बोललो. आता दुसरीकडे वळू.

दादांचे दिवस झाले आणि महिन्याभरात मी तलाठी कार्यालयात गेलो. आमची जमीन आठ एकर, आजोबांच्या वेळेपासूनची. विहीर दादांनी स्वतः खणलेली. आई आधीच गेली होती. मागे राहिलो आम्ही दोघे, मी आणि माझी थोरली बहीण. तिला आम्ही आक्का म्हणतो. आक्काचे लग्न १९६८ साली झाले. तिला सातवीतून शाळा सोडावी लागली. कारण साधे होते. मला पुढे नाशिकला ठेवायचे तर घरात काम करायला माणूस हवे. तिची शाळा सुटली म्हणून माझी सुरू राहिली. हे मला तेव्हाही ठाऊक होते, पण तोंडाने कुणी बोलत नसे.

वारसनोंदीच्या वेळी चार वडीलधाऱ्यांनी सल्ला दिला, “बहिणीची सही घेऊन टाक. आज ती चांगली आहे. उद्या भाचे मोठे झाले म्हणजे?” मी आक्काला नाशिकला बोलावले. सकाळच्या एस. टी. ने ती आली. येताना माझ्या मुलांसाठी शेंगदाण्याचे लाडू घेऊन आली. दुपारी दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिने हक्कसोडपत्रावर सही केली. कागदात काय लिहिले आहे हे तिने विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. बाहेर आल्यावर मी तिला साडीचोळी घेतली. ती म्हणाली, “असू दे रे भाऊ. माहेरची वाट राहिली म्हणजे झालं.”

मला त्या दिवशी वाटले होते की, सगळे कसे गोडीगुलाबीने पार पडले!

श्रोते हो, अशा गोडीगुलाबीच्या सह्या गावोगाव झाल्या आहेत आणि होत आहेत. आपल्या ऐकणाऱ्यांत सही घेणारे भाऊ असतील, सही देणाऱ्या बहिणीही असतील. म्हणून यातला कायदा काय आहे तो साध्या हिशेबाने सांगतो.

आमचेच घर घेऊ. आठ एकर वडिलोपार्जित जमीन, बाप आणि एक मुलगा, एक मुलगी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगा जन्मापासून हिस्सेदार होता, मुलगी नव्हती. म्हणजे बाप गेला त्या दिवशी चार एकर मुलाचे आणि चार बापाचे धरायचे. बापाचे चार एकर मात्र मुलगा आणि मुलगी यांना सारखे मिळत. मुलाच्या वाट्याला एकूण सहा एकर आणि मुलीच्या वाट्याला दोन. बापाची स्वकष्टार्जित जमीन असेल आणि त्याने मृत्युपत्र केले नसेल, तर तीत मुलगा व मुलगी १९५६ पासूनच सारखे. तेव्हा १९९० साली मी आक्काकडून ‘काहीच’ घेतले नाही असे जे मला वाटत होते, ते खरे नव्हते. मी तिचे दोन एकर घेतले होते आणि एक साडी दिली होती.

पुढे १९९४ साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून मुलीलाही जन्मतः हिस्सेदार केले. पण आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून सबंध देशाला लागू झालेल्या दुरुस्तीने ही अट ठेवली नाही. लग्न झालेली असो वा नसो, मुलगी मुलाइतकीच हिस्सेदार झाली. त्या तारखेला बाप हयात असलाच पाहिजे का, असा वाद पुढे बरीच वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा यांच्या खटल्यात त्याचा निकाल दिला. मुलीचा हक्क जन्माने येतो, बाप तेव्हा हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या व व्यवहार या कायद्याने मोडत नाहीत. आजच्या हिशेबाने आमच्यासारख्या घरात चार एकर भावाचे आणि चार बहिणीचे होतात.

ही वाट सरळ झाली नाही. तिच्यामागे एका बापाची आणि त्याच्या लेकींची गोष्ट आहे, ती मला इथे सांगितलीच पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातून निवृत्त झालेले. पेन्शन तुटपुंजी. मुंबईत परळच्या चाळीत एका खोलीत बिऱ्हाड. भीमाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून वडील त्याला लवकर निजवीत आणि रात्री दोनच्या सुमारास उठवीत. मुलाला पुस्तकांचा नाद. एखादे पुस्तक हवे म्हटले आणि खिशात पैसे नसले की सुभेदार उठून आपल्या लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याकडे नसले तर दुसऱ्या मुलीकडे जाऊन तिचा दागिना मागून आणीत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन आली की दागिना सोडवून लेकीला परत करीत. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी वारले. जमीनजुमला मागे ठेवण्याजोगे त्यांचे जीवन नव्हते. त्यांनी ठेवला तो हा वारसा: मुलाची भूक ओळखायची, आणि लेकीचे घेतलेले परत करायचे.

त्याच मुलाच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी आपल्या नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दिंडोरी तालुक्यातले दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. वर्षानुवर्षे तो लढा चालला. ज्या रामाने बापाचा शब्द पाळला, त्याच्या देवळाचे दार रामजीच्या मुलाला बंद होते, हे नाशिककर म्हणून आपण विसरता कामा नये. पुढे तोच मुलगा देशाचा कायदेमंत्री झाला आणि मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा देणारे हिंदू कोड बिल त्याने मांडले. ते रखडले म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्याने मंत्रिपद सोडले. १९५६ चा वारसा कायदा त्यातूनच पुढे आला. ज्याच्या पुस्तकांसाठी बहिणीचा दागिना गहाण पडला होता, त्याने देशातल्या सगळ्या बहिणींचे देणे मानले. माझ्यासाठी माझ्या बहिणीची शाळा गहाण पडली होती. मी काय मानले?

२००५ चा कायदा झाला तेव्हा शाळेत आम्ही शिक्षक मंडळी वर्तमानपत्र वाचत होतो. एक तरुण शिक्षिका सहज म्हणाली, “सर, तुमच्या बहिणीला किती आलं?” मला उत्तर देता आले नाही. त्या पितृपक्षात मी रामकुंडावर गेलो, उपाध्यांना वही काढायला सांगितली आणि आमचे पान नीट वाचले. आजोबांचे नाव, दादांचे नाव, माझे नाव, माझ्या मुलाचे नाव. आक्काचे नाव कुठेच नव्हते. १९८९ साली ही नावे मीच सांगितली होती. तिचे सांगायचे मला सुचले नव्हते. सोळा वर्षांनी दिसलेली गोष्ट ती हीच.

कायद्याने आमचा जुना दस्त मोडत नव्हता. मला कुणी कोर्टात खेचणार नव्हते. मी आक्काच्या गावी गेलो आणि म्हणालो, “आक्का, तुझे दोन एकर तुझ्या नावावर करून देतो.” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “जमिनीचं राहू दे रे. पण त्या दिवशी कागदावर काय लिहिलंय ते सांगितलं असतंस, तर मी आनंदाने सही केली असती. तू मला विचारलंच नाहीस.” मला वाटले होते ती रडेल, किंवा ‘नको नको’ म्हणेल. तिने ते दोन एकर घेतले. २००६ साली बक्षीसपत्र नोंदवले, फेरफार झाला आणि सातबारावर तिचे नाव लागले. घरात कुरबूर झाली, नाही असे नाही. पण दोन वर्षांनी माझ्या मुलानेच त्या बांधावर मामेभाऊ-आतेभावांनी मिळून पाइपलाइन टाकायचा बेत आणला.

हे मी स्वतःच्या मोठेपणासाठी सांगत नाही. सोळा वर्षे उशिरा दिलेल्या गोष्टीत मोठेपणा कसला? आपल्याला उशीर होऊ नये म्हणून सांगतो. वडील गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसांची खबर द्यावी. मृत्यूचा दाखला जोडावा आणि वारसांच्या यादीत सर्वांची नावे लिहावी. आईचे लिहावे, लग्न झालेल्या बहिणींचेही लिहावे. नाव लावल्याने भांडण होत नाही, वगळल्याने होते. फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते. बहिणीने आपणहून हक्क सोडला तर तो तिचा अधिकार आहे, पण आधी तिला कागद वाचून दाखवावा. आणि ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. स्वकष्टार्जित मिळकतीबद्दल मनात काही असेल, तर मृत्युपत्र करून ठेवा. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर सही केलेले मृत्युपत्र चालते. त्याला स्टँप लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. मनातले मनात ठेवून माणूस गेला की मागच्यांच्या हाती अंदाज उरतात आणि अंदाजावरून डोकी फुटतात.

मृत्युपत्र करा म्हटले. सगळे आजच वाटून मोकळे व्हा, असे मात्र मी म्हणणार नाही. नाशिकचे वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज, यांचे ‘नटसम्राट’ नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. आपल्या हाताने मुलांना सर्वस्व वाटून देणारा आणि मग म्हाताऱ्या बायकोसह घराबाहेर पडावे लागणारा बाप त्यात आहे. ते नाटक पाहून पुष्कळ माणसे डोळे पुसतात आणि घरी जाऊन बापाला ‘तुम्हाला काय कळतं’ म्हणतात! २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला. सांभाळण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि मुलांनी सांभाळले नाही, तर ते देणे रद्द करून मागता येते. मात्र ती अट दस्तात लिहिलेली असावी. कायदा आहे हे बरेच. पण श्राद्धाला वडे करण्यापेक्षा बाप जिवंत असताना त्याच्या ताटात भाकरी ऊन वाढावी, याला कायदा लागत नाही.

आता तिसरी वही.

दादांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. त्यांनी जमिनीचे एका शब्दाने काढले नाही. म्हणाले, “सावडीचं लक्षात ठेव. गेल्या हंगामात तिघांचे बैल आपल्या रानात फिरलेत. त्यांची नांगरट आपल्याकडं निघती.” सावड म्हणजे आपल्याला ठाऊकच आहे: आज तुझे बैल माझ्याकडे, उद्या माझे तुझ्याकडे, पैशाचा व्यवहार नाही, लिखापढी नाही. ही देणी फक्त त्यांच्या डोक्यात होती. मी नोकरीवाला, माझ्याकडे वेळ कुठला? पण भाड्याने ट्रॅक्टर लावून त्या तिघांची रानं नांगरून दिली. त्यांतला एक म्हातारा बांधावर उभा राहून म्हणाला, “तुझा बाप सांगून गेला व्हय? मी तर इसरलो बी होतो.” त्या दिवशी मला दादा जितके आठवले तितके त्यांच्या फोटोपुढे हात जोडताना कधी आठवले नाहीत.

अशी वही प्रत्येक घरात असते. विहिरीला पाणी कुणी दाखवले, बांधावरचा आंबा कुणी लावला, दुष्काळात कुणी पायलीभर बाजरी उसनी दिली, कुणाशी उगाच वैर धरले. हे सगळे बापाच्या डोक्यात असते आणि विचारले नाही तर त्याच्याबरोबर जाते. आपल्याकडे राख सावडतात ती तिसऱ्या दिवशी. माणसाच्या आठवणी मात्र तो असतानाच सावडून घ्याव्या लागतात.

शिक्षक बंधू-भगिनींना माझे एक सांगणे आहे. मुलांना ‘माझे बाबा’ हा निबंध आपण घालतो आणि मुले फळ्यावरचा उतरून काढतात. त्याऐवजी एक घरचा अभ्यास द्या. बापाच्या किंवा आज्याच्या शेजारी बसून दहा प्रश्न विचारा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून आणा. तुम्ही माझ्याएवढे असताना काय काम करत होता? शाळा कितवीत सुटली, का सुटली? कुणाचे उपकार फेडायचे राहिले? मग चार पिढ्यांची नावे लिहायला सांगा. पण आई, आजी, पणजी, आत्या यांच्या नावांसकट. पणजोबाचे नाव मुलांना येईल, पणजीचे येणार नाही. तिथेच खरा धडा सुरू होईल. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे नाव लिहायचे, असा निर्णय महाराष्ट्रात झाला आहे. कागद बदलला, आपल्या मनातले पानही बदलावे.

एक मात्र जपा. तुमच्या वर्गात बाप नसलेले मूल असेल. कुणाचा आजाराने गेला असेल, कुणाचा कर्जापायी. कुणाचा घर सोडून निघून गेला असेल. त्याला सगळ्यांसमोर उभे करू नका. त्याला मामाविषयी लिहू द्या, आजीविषयी लिहू द्या, ज्याने बापाची जागा भरली त्याच्याविषयी लिहू द्या. आणि बाप दारुडा होता, मारकुटा होता, असे एखाद्याने खरे लिहिले, तर त्याला ओरडू नका. वाईट वारसा तिथेच थांबवणे हेही मुलाचे मोठे काम आहे.

श्रोते हो, त्या २००५ च्या पितृपक्षात मी उपाध्यांना विचारले, “आमच्या पानावर बहिणीचं नाव लिहिता येईल का?” त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “न यायला काय झालं? तुम्ही सांगाल ते आम्ही लिहितो. आजवर कुणी सांगितलं नाही, म्हणून लिहिलं नाही.” आणि त्यांनी दादांच्या नावाखाली आक्काचे नाव लिहिले.

आज रात्री जेवणे झाली म्हणजे वडिलांपाशी जरा बसा. ते नसतील तर ज्यांनी त्यांना पाहिले आहे अशा कुणापाशी बसा. आणि बहिणीला एक फोन करा.